इस्त्रीच्या धगीला लावलेलं घड्याळ

माझ्या इस्त्रीचा आणि पुंजा घड्याळवाल्याचा छत्तीसचा आकडा होता. माझ्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं, वाकडं होतं ते इस्त्रीशी. आता माणूस राहिला नाही म्हणून मी त्याला 'तो' म्हणते. समोर होता तोवर 'तुम्ही' म्हणत होते आणि 'तुम्ही' म्हणूनच भांडत होते. देवळाली कॅम्पच्या बाजारात गोटीराम शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर एका अंगाला माझं इस्त्रीचं टेबल आणि दुसऱ्या अंगाला पुंजाची काचेची पेटी. मध्ये जागा किती? मी चादर झटकली की तिचं टोक त्याच्या नाकाला लागायचं, एवढी.

आणीबाणी उठली त्या साली मी तिथं टेबल टाकलं. नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि सासरच्यांनी 'लंका, आता तुझं तू बघ' म्हणून हात झटकले होते. बघितलं मग माझं मी. पहिल्याच दिवशी कोळसे फुलवले, इस्त्री चांगली तापवली, साहेबाची वर्दी टेबलावर पसरली, तोच शेजारून आवाज आला.

"बाई, ते तिकडं सरकवा. माझी घड्याळं मागं पडत्यात."

मी म्हटलं, "का हो? माझी इस्त्री काय तुमच्या घड्याळाचे काटे धरून बसलीय?"

तो हसला नाही. त्याला हसायला वेळ लागायचा. आज केलेल्या विनोदाला उद्या हसणारा माणूस. डोळ्याचं भिंग काढून त्यानं एक घड्याळ उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. आत एक चाक इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत होतं.

"ही बघा, केसावानी बारीक स्प्रिंग हाय. ही चाकाला माघारी वढती. हिला ऊब लागली का ती ढिली पडती, चाकाला लवकर वढत नाय. मंग घड्याळ मागं पडतं. गारठ्यात ती ताठ होती, मंग घड्याळ पुढं पळतं."

"मग आपल्यासारखंच की. गारठ्यात झपाझप चालायचं आणि उन्हात रेंगाळायचं."

त्यावर तो दुसऱ्या दिवशी हसला.

भारी घड्याळांना एवढं होत नाही, त्यांची स्प्रिंग वेगळ्या धातूची असते, असं तोच सांगायचा. पण आमच्या ओट्यावर भारी घड्याळं कुठली यायला? यायची ती जुनी, कुणाच्या बापाची, कुणाला सासऱ्यानं लग्नात दिलेली. त्यांना ऊन लागे, वारा लागे, सगळं लागे. म्हणून रोजची कटकट. "बाई, निखारे झाका." "बाई, इस्त्री त्या अंगाला ठेवा." मीही काही कमी नव्हते. मी म्हणायचे, "घड्याळवाले, तुम्ही हिमालयात दुकान टाका." शेवटी गोटीराम वैतागला आणि आम्हा दोघांच्या मध्ये एक पत्रा उभा करून दिला. त्यावर काही वर्षं बरी गेली. आमचं भांडण मग पत्र्यावरून चालायचं, एवढंच.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती, ती मी दुसऱ्या कुठल्या घड्याळवाल्याकडं पाहिली नाही. दुरुस्त केलेलं घड्याळ तो गिऱ्हाइकाला लगेच द्यायचा नाही. आधी आठ दिवस स्वतःच्या हातावर बांधायचा. "पेटीत बराबर चाललं त्याचा काय उपेग? घड्याळाला काय पेटीत ऱ्हायाचंय? ते माणसाच्या हातावर ऱ्हाणार. माणसाच्या अंगाची ऊब धरूनच ते लावलं पायजे," असं म्हणायचा. त्यामुळं मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या दोन्ही हातांवर लोकांची घड्याळं. तशीच बांधून जेवायचा, तशीच बांधून झोपायचा. संध्याकाळी गोटीरामच्या रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके वाजले की बाह्या वर करून एकेक घड्याळ बघायचा. एखादं मागं दिसलं की आतला बारीक काटा केसभर पुढं सरकवायचा, पुढं दिसलं की मागं. येणारे-जाणारे चेष्टा करायचे, "पुंजाभाऊ, किती वाजले? कुठल्या हाताला विचारू?" पण तोफखान्यातले जवान, बाजारातले मास्तर, ओझरच्या कारखान्यातले कामगारसुद्धा सुट्टीच्या दिवशी वाट वाकडी करून त्याच्याकडंच यायचे. पुंजानं लावलेलं घड्याळ म्हटलं की कुणी दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघत नव्हतं.

आणि त्या नावापलीकडं त्याच्याजवळ होतं काय? घोटीकडच्या खेड्यात दोन वाफे भाताचे, ते भावानं बळकावलेले. लग्न झालं होतं. बायको सहा महिने नांदली. 'घड्याळाला कान लावतो, मला लावत नाही' म्हणाली आणि माहेरी गेली ती गेलीच. हे त्यानं मला एकदा पत्र्यापलीकडून सांगितलं, स्प्रिंगचं सांगावं तसंच. माझ्या घरी तरी कोण होतं मला कान लावायला? दुपारी त्याची गार भाकरी मी फडक्यात घालून इस्त्रीच्या उलट्या बुडावर गरम करून द्यायचे. तो "इस्त्रीचा येवढा उपेग हाय खरा" म्हणायचा आणि खायचा. बाजारात आम्ही दोघं दिवसभर माणसांत असायचो. पण चार लोकांची घड्याळं बांधलेल्या त्याच्या हाताला कुणाचा हात लागत नव्हता, आणि माझ्याही नाही. मला तो आवडत होता का? होता. आता म्हणायला कुणाची भीती आहे?

दिल्लीत एशियाड झाला त्या साली दिवाळीला मी दुसरी इस्त्री घेतली. काम वाढलं होतं. एक वापरायची, तोवर दुसरी तापत ठेवायची. म्हणजे पत्र्याअलीकडं निखारेही दुप्पट झाले. पुंजानं नाक मुरडलं. त्या थंडीत तो जरा वाळल्यासारखा दिसत होता, खोकत होता. मी म्हटलं, "घड्याळवाले, काढा घ्या." तो म्हणाला, "धुराचा खोकला हाय, तुमच्याच." मी म्हटलं, बरं, माझाच.

मग घड्याळांचा घोळ सुरू झाला. तोफखान्यातला एक हवालदार घड्याळ घेऊन परत आला. "पुंजाभाऊ, हे पुढं पळतंय." पुंजानं घड्याळ हातावर बांधलं, तर त्याच्या हातावर ते बरोबर चाललं. दोन दिवसांनी एक मास्तर आले. त्यांचंही पुढं. मग आणखी दोघं-तिघं. पुंजाच्या हातावर बरोबर चालणारं घड्याळ माणूस घरी घेऊन गेला की पळायला लागायचं. नवीन दुरुस्त केलेली घड्याळं त्याच्या हातावर चढली की उलट मागं पडायची, तो ती पुढं सारून द्यायचा, आणि गिऱ्हाईक आठ दिवसांत बोंबलत परत. ओट्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "पुंजाचा हात बिघडला." त्याच्या कानावर ते गेलं. त्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात तो उठून माझ्या टेबलापुढं आला. दोन्ही हात घड्याळांनी भरलेले आणि तोंड लालबुंद.

"बाई, तुमच्या या दोन इस्त्र्यांनी माझं नाव बुडीवलं. हितं धगीनं घड्याळं मागं पडत्यात, मी ती पुढं करतो, अन् लोकांच्या घरी धग नाय म्हून ती पळत्यात. येवढी वर्सं कमावलेलं नाव तुम्ही जाळलंत!"

आता सांगा, माझ्या पोटावर पाय आणि वर माझ्यावरच आळ! गिऱ्हाइकं बघत होती. माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, "हो का? माझ्या इस्त्रीमुळं ना? मग हे घ्या!" आणि दोन्ही इस्त्र्यांतले निखारे गटारीत ओतले. चर्रर आवाज झाला, वाफेचा लोट उठला. गोटीराम मशीन सोडून बाहेर धावला. मी टेबलावर कापड टाकलं, साहेबलोकांच्या वर्द्या तशाच्या तशा परत केल्या आणि दुपारची पॅसेंजर पकडून घोटीला बहिणीकडं निघून गेले. जाताना म्हटलं, "आता लावा घड्याळं गारठ्यात बसून!"

पुढचं गोटीरामनं सांगितलं म्हणून मला कळलं.

मी गेल्यावर ओटा गार पडला. पुंजा खूश झाला म्हणे. सगळी घड्याळं काढून त्यानं पुढं सारलेले काटे परत पहिल्या जागी आणले आणि ती हातावर बांधली. संध्याकाळी रेडिओचे ठोके वाजले. बाह्या वर केल्या, तर सगळी मागं. दुसऱ्या दिवशीही तेच. निखारे नाहीत, वर थंडी अशी की घड्याळांनी खरं तर पुढं पळावं, आणि ही मागं. त्यानं एक उघडलं, पुसलं, तेल बदललं. काही फरक नाही. मग अर्धी घड्याळं त्यानं खिळ्याला टांगली आणि अर्धी हातावर ठेवली. टांगलेली पुढं पळाली, हातावरची मागं पडली. शेवटी त्यातली दोन गोटीरामच्या हातावर बांधली आणि म्हणाला, "उद्यापातुर काढू नको." दुसऱ्या दिवशी गोटीरामच्या हातावरची ठोक्याला बरोबर होती.

पुंजा बराच वेळ स्वतःचे हात बघत बसला. गोटीराम म्हणाला, "अरे काय झालं?" तो म्हणाला, "इस्त्री नव्हती रे. धग माझ्यातच हाय."

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी दवाखान्यात जातो. हा स्टेशनवर गेला.

मी बहिणीच्या दारात तांदूळ पाखडत होते. चिमणाबाई, म्हणजे माझी बहीण, शेजारी बसली होती, मेहुणा नुकताच राईस मिलमधून जेवायला आला होता. बघते तर दारात पुंजा. स्टेशनपासून घर विचारत चालत आलेला, धापा टाकत, कपाळावर भर थंडीत घाम. मी सूप खाली ठेवलं नाही. म्हटलं, अजून काही बोलायचं राहिलंय का याचं?

तो म्हणाला, "बाई, तुमची इस्त्री नव्हती. मी उगा बोललो. माझाच हात गरम हाय. लय दिसांचा असंल."

"म्हणजे ताप आहे तुम्हाला?"

"असंल. मला कसा कळायचा? कपाळाला हात लावून बघितला. पर हातबी माझाच अन् कपाळबी माझंच. दोन्ही सारखंच तापल्यालं. काय कळंना."

माझ्या हातातलं सूप कधी खाली गेलं ते मला आठवत नाही. मी उठले, बहिणीसमोर, मेहुण्यासमोर, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. मी इस्त्रीवाली बाई. गालाजवळ इस्त्री धरून ती सुतीला आहे की टेरिकॉटला हे सांगणारी. हाताला चटका बसणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. पण त्या कपाळाचा चटका मला अजून लागतो. त्यानं डोळे मिटले. आम्ही इतकी वर्षं शेजारी बसलो आणि त्याला कुणाचा हात लागला तो त्या दिवशी. मला रडू फुटलं आणि मी त्यालाच ओरडले, "मग दवाखान्यात जायचं की माझ्याकडं यायचं, बावळट माणसा?"

तो म्हणाला, "तुमच्यावर आळ घातलेला ना. तो आधी काढाया पायजे."

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. क्षय निघाला, आणि बराच पुढं गेलेला. नर्सनं मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारीण." तिनं वर बघितलं, मग काहीतरी लिहिलं. भावाला निरोप धाडला, तो आला नाही. भाताची कापणी होती म्हणे. कापणी होऊन महिना लोटला होता, मला काय घोटीचं ठाऊक नाही?

काही महिन्यांनी त्याला घरी सोडलं. गोळ्या चालू, बसून राहायला सांगितलेलं. तो म्हणाला, बसायचंच तर पेटीपुढं बसतो. आला. मधला पत्रा मी आदल्याच दिवशी काढून गोटीरामच्या परसात टाकला होता. त्यानं बघितलं आणि पेटी उघडून बसला.

पण लोक यायचे बंद झाले होते. क्षयाच्या माणसाच्या हातावर आठ दिवस राहिलेलं घड्याळ कोण बांधणार? आणि संध्याकाळचा ताप अजून जात नव्हता, म्हणजे त्याचा हात तसाही कामाचा नव्हता. तो नुसता पेटी पुसत बसायचा. एक दिवस मीच त्याच्यापुढं दोन्ही हात केले.

"बांधा इथं. मी ठणठणीत आहे."

"तुमचे हात इस्त्रीपाशी असत्यात."

"इस्त्री विझवल्यावर बांधीन. रात्रभर ठेवीन, सकाळी आणून देईन. तेवढ्यात काय समजायचं ते समजा."

मग लोकांची घड्याळं माझ्या हातावर घरी यायला लागली. बांगड्या किणकिणायच्या तिथं टिकटिक. सकाळी तो रेडिओशी ताडून बघायचा, केसभर काटा हलवायचा, संध्याकाळी परत माझ्या हाती द्यायचा. मी सगळ्या बाजाराला ठणकावून सांगितलं, 'घड्याळं माझ्या हातावर लावलीत, ज्याला शंका असेल त्यानं माझा हात तपासून बघावा.' कुणाची टाप आहे? हळूहळू हवालदार परत आला, मास्तर परत आले. 'पुंजानं लावलेलं' हे बोलणं परत ऐकू यायला लागलं. तो ते ऐकून मान खाली घालायचा आणि भिंग डोळ्याला लावायचा.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो पुरता खंगला. त्या दिवसांत त्यानं सुट्या पडलेल्या भागांतून एक घड्याळ जुळवलं. पुरुषी, मोठ्या तबकडीचं. मला म्हणाला, "हे तुमचं. पर हे दिवसा बांधायचं, इस्त्री करताना."

मी म्हटलं, "भलतंच! धगीनं मागं पडेल ना?"

"पडू द्या. मी त्या धगीलाच लावतो."

आणि लावलं. रोज मी इस्त्री करायची, तो संध्याकाळी माझं मनगट धरून बघायचा आणि काटा हलवायचा. जन्मभर ज्या इस्त्रीच्या नावानं बोटं मोडली, तिच्या धगीला मापून त्यानं ते घड्याळ लावलं. ज्या संध्याकाळी ते ठोक्याला बरोबर निघालं, त्या संध्याकाळी तो लगेच हसला. दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही.

त्यानंतर परत दवाखान्यात गेला तो आलाच नाही. गोटीरामनं येऊन सांगितलं तेव्हा मी एका साहेबाची पँट इस्त्री करत होते. ती पूर्ण केली, घडी घातली, मग बसले. भाऊ आता मात्र आला. पेटी, भिंग, चिमटे सगळं बांधून घेऊन गेला. माझ्या मनगटावरचं घड्याळ पुंजाचं आहे हे भावाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. शेजारणीला कोण विचारतं?

त्याच्या जागेवर आता बॅटरीची घड्याळं विकतात. त्यांना ना चावी लागते, ना धग. घरोघर विजेच्या इस्त्र्या आल्या, कोपऱ्यावर लाँड्री झाली, माझ्याकडं कपडे येतात ते पूर्वीच्या चौथाईही नाहीत. ज्या दिवशी इस्त्री पेटवत नाही त्या दिवशी माझं घड्याळ पुढं पळतं. गोटीराम म्हणतो, "लंकाबाई, शेजारच्या दुकानात दे, तो काटा मागं करून देईल." मी त्याला हात लावू देत नाही. सकाळी कोळसे पेटवते, कपडे असोत नसोत. नसले तर माझीच एक चादर पुन्हा पुन्हा घासत बसते. लोक म्हणतात, बाई कोळसा फुकट जाळते. म्हणू दे. संध्याकाळी ठोके वाजतात, मी मनगट बघते, बरोबर असतं.

परवा मात्र दोन-तीन दिवस अंग जड वाटत होतं. कणकण आहे की नुसता शीण, काही कळेना. कपाळाला हात लावून बघितला. काय कळणार? हातही माझाच आणि कपाळही माझंच. घरी दुसरा हात नाही, आणि ओट्यावर गोटीरामला 'जरा कपाळ बघ' असं कुठल्या तोंडानं सांगू? संध्याकाळी रेडिओचे ठोके वाजले. सवयीनं मनगट वर केलं. निखारे रोजच्याएवढेच होते, दिवसभर इस्त्री चालू होती, आणि घड्याळ मागं पडलं होतं. आदल्या दिवशीही पडलं होतं, तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं.

मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

गोटीराम म्हणाला, "आज लवकर?"

"ताप आहे मला. दवाखान्यात चाललेय."

"कोण म्हणालं ताप आहे?"

"घड्याळवाले म्हणाले," मी म्हटलं आणि पायात चपला सरकवल्या.